आधी वही, मग सही: ग्लोबल कॉम्पॅक्टची बांधिलकी लहान कारखान्याने कशी घ्यावी

बडोद्याजवळच्या मकरपुरा, पोर, वाघोडिया किंवा सावली-मंजुसरच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कारखाना असेल तर मोठ्या ग्राहकाकडून एक मेल आज ना उद्या येतोच. "तुम्ही यूएन ग्लोबल कॉम्पॅक्टमध्ये आहात का? नसाल तर केव्हा येणार?" सोबत प्रश्नांची लांबलचक एक्सेल. ग्लोबल कॉम्पॅक्ट हा संयुक्त राष्ट्रांचा ऐच्छिक उपक्रम: मानवी हक्क, कामगार, पर्यावरण आणि भ्रष्टाचारविरोध यांची दहा तत्त्वं कंपनीने मान्य करायची आणि दरवर्षी प्रगती कळवायची. ग्राहक हे उगाच विचारत नसतो. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदारी-अहवाल सक्तीचा केला, आणि त्यात पुरवठादारांबद्दलही विचारणा आहे. लोखंड, पोलाद किंवा ॲल्युमिनियमचा माल युरोपला जात असेल तर तिथली सीबॅम ही सीमेवरची कार्बन आकारणी ऑक्टोबर २०२३ पासून आकडे मागू लागली. २०२६च्या आयातीपासून तिथल्या आयातदाराला त्याचे पैसेही मोजावे लागणार आहेत. मोठ्यांवरची सक्ती अशी पायरी-पायरीने उतरते आणि तुमच्या दारात 'ऐच्छिक बांधिलकी' या नावाने उभी राहते.

ऐच्छिक म्हणजे सही करायला कुणी भाग पाडत नाही, एवढंच. सही झाली की मात्र कंपनीचं नाव आणि दरवर्षी दिलेली उत्तरं ग्लोबल कॉम्पॅक्टच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात: ग्राहकाला, बँकेला, तुमच्याच वेल्डरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीलाही. म्हणून क्रम चुकवू नका. बहुतेक कारखाने आधी सही करतात, आणि वर्षाने उत्तरं भरायची वेळ आली की कागद शोधत बसतात. आम्ही उलटं सांगतो: तीन ते चार महिने नोंदी लावा, कुठे कमी पडतो ते स्वतः पाहा, आणि मग बांधिलकीचं पत्र पाठवा.

नेमकं काय मान्य करायचं आहे

संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ३१ जानेवारी १९९९ रोजी दावोसमध्ये ही कल्पना उद्योगपतींपुढे मांडली, आणि २६ जुलै २००० रोजी न्यूयॉर्कमध्ये तिची सुरुवात झाली. तेव्हा तत्त्वं नऊ होती. दहावं, भ्रष्टाचाराविरुद्धचं, जून २००४ मध्ये जोडलं गेलं. पहिली दोन मानवी हक्कांची. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत कामगारांची: संघटना करण्याचं स्वातंत्र्य, वेठबिगारीला बंदी, बालमजुरीला बंदी, भेदभावाला बंदी. सातवं ते नववं पर्यावरणाची: धोका दिसण्याआधीच सावधगिरी, जबाबदारी वाढवणारे उपक्रम, स्वच्छ तंत्रज्ञान. दहावं लाच आणि खंडणीविरुद्ध. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हाही कामगाराचा मूलभूत हक्क ठरवला, त्यामुळे सुरक्षेचे प्रश्न आता कामगारांच्या भागात येतात.

हे प्रमाणपत्र नाही, ही गोष्ट मालकापासून मार्केटिंगपर्यंत सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पर्यावरण व्यवस्थापनाच्या आयएसओ १४००१ प्रमाणपत्राला बाहेरचा ऑडिटर येतो, इथे कुणी येत नाही. त्यामुळे 'ग्लोबल कॉम्पॅक्ट सर्टिफाइड' असं लेटरहेडवर छापणं चूक आहे. संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह वापरायला तर परवानगीच नाही. सदस्यांसाठी वेगळं 'आमचा पाठिंबा' या अर्थाचं चिन्ह आहे, तेही वापराचे नियम वाचूनच लावायचं.

प्रवेशाच्या दोन अटी सुरुवातीलाच तपासा. थेट नेमलेली माणसं किमान १० हवीत. ठेकेदाराची माणसं यात धरत नाहीत, म्हणून ८ कायम आणि ४० ठेक्यावर अशी रचना असेल तर अर्ज अडतो. दुसरं, तंबाखूचं उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना प्रवेश नाही. बडोद्याला लागूनच चरोतर आहे आणि तिथे तंबाखूचा मोठा व्यवसाय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. समूहातली एखादी कंपनी त्या धंद्यात असेल तर अर्जात ती लपवू नका.

पहिली वही: वीज, इंधन, वायू

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चुकणारी वही हीच. आर्थिक वर्ष धरा, एप्रिल ते मार्च. मोजणीची पद्धत जगभर बहुतेक एकच वापरतात, जीएचजी प्रोटोकॉल: कारखान्याच्या आत आणि कंपनीच्या गाड्यांत जे जळतं किंवा गळतं ते स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि माल, वाहतूक, जॉबवर्क वगैरे बाकी सगळं स्कोप ३.

उदाहरणासाठी ट्रान्स्फॉर्मरच्या टाक्या बनवणारं एक मध्यम फॅब्रिकेशन युनिट घेऊ. ५२ कायम माणसं, ३३ ठेक्यावर. महिन्याला ३८,००० युनिट वीज, म्हणजे वर्षाला ४,५६,०००. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा उत्सर्जन आकडा दरवर्षी जाहीर करतं. अलीकडचा आकडा युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. गुणाकार केला की ३२८ टन. जनरेटर आणि कंपनीच्या गाड्या मिळून ६,००० लिटर डिझेल, लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे १६ टन. पावडर कोटिंगच्या भट्टीला पाइपचा गॅस वर्षाला ३०,००० घनमीटर, घनमीटरमागे साधारण २ किलो, म्हणजे ६० टन. कँटीनचे १९ किलोचे सिलिंडर महिन्याला ४, वर्षाचे ९१२ किलो, किलोमागे सुमारे ३ किलो, म्हणजे २.७ टन.

इथपर्यंत सगळे येतात. राहतात त्या दोन गोष्टी. मिग वेल्डिंगला वापरलेला कार्बन डायऑक्साइड थेट हवेतच जातो, तो जळत नाही म्हणून मोजायचा नाही असं नाही. महिन्याला ३० किलोचे १० सिलिंडर म्हणजे वर्षाला ३.६ टन. आणि एसीचा गॅस. दुरुस्तीवाला आर-४०७सी दोन किलो भरून गेला, याचा अर्थ आधीचा दोन किलो गळून गेला. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापदायक आहे, त्यामुळे ते दोन किलोही ३.६ टन होतात. एसीवाल्याच्या बिलावर किती किलो भरला ते लिहून घ्यायची सवय लावा. 'गॅस चार्जिंग' एवढंच लिहिलेलं बिल या कामाला निरुपयोगी आहे.

बेरीज: स्कोप १ मध्ये ८६ टन, स्कोप २ मध्ये ३२८, एकूण ४१४.

आता चुका कुठे होतात ते पाहू. उच्च दाबाच्या जोडणीत मीटरवरच्या वाचनाला गुणक लावावा लागतो. रोजच्या नोंदवहीतला आकडा थेट उचलला आणि गुणक विसरला की वापर कितीतरी पटींनी कमी दिसतो. वर्षाची बेरीज नेहमी वीजबिलावरच्या किलोवॅट-तासांच्या रकान्यातून घ्या, आणि मीटरची वही फक्त पडताळणीला ठेवा. डिझेलमध्ये खरेदी म्हणजे वापर नव्हे: ३१ मार्चला बॅरलमध्ये १८० लिटर शिल्लक असतील तर ते पुढच्या वर्षात जातात. गॅसच्या बिलावर घनमीटर आणि उष्मांक असे दोन आकडे असतात, एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरा उचलला तर तुलना संपलीच. छतावर सौर पॅनेल असतील तर स्वतः वापरलेली सौर वीज शून्य धरता येते, पण ग्रिडला दिलेली वीज ग्रिडमधून घेतलेल्या विजेतून वजा करून स्कोप २ कमी दाखवता येत नाही. ही चूक फार दिसते, आणि ग्राहकाचा तपासनीस पहिल्यांदा तीच पकडतो.

स्कोप ३ पहिल्या वर्षी सगळा भरायला जाऊ नका. त्यात १५ प्रकार आहेत. पोलाद किती टन घेतलं, गॅल्व्हनायझिंगसाठी किती टन बाहेर पाठवलं, माल किती किलोमीटर गेला, एवढ्या वजनाच्या आणि अंतराच्या नोंदी सुरू करा. आकडा दोन वर्षांनी काढला तरी चालतो. हातात नोंद नसताना आकडा दिला तर तो पुढे सिद्ध करता येत नाही.

गळती शोधा, मग उद्दिष्ट लिहा

जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायच्या वाटेवर कंपन्यांसाठी सर्रास धरलेला दर आहे आधारवर्षाच्या ४.२ टक्के, दरवर्षी. आपल्या उदाहरणात तो वर्षाला १७ टनांच्या आसपास येतो. हे शक्य आहे का, ते कागदावर नाही, कॉम्प्रेसरजवळ उभं राहून कळतं.

रात्रपाळी नसलेल्या दिवशी, सगळी हवेवरची यंत्रं बंद झाल्यावर, कॉम्प्रेसर एकटाच चालू ठेवा. हातात घड्याळ घ्या. तो लोडवर (हवा भरताना) किती वेळ राहतो आणि अनलोडवर (हवा न भरता) किती, हे चार-पाच फेऱ्यांत लिहा. समजा लोड सरासरी दीड मिनिट आणि अनलोड सहा मिनिटं. दीडला साडेसातने भागा: २० टक्के. म्हणजे कुणी वापरत नसतानाही कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा पाचवा हिस्सा हवेत जातो आहे. १० टक्क्यांच्या आत आलं तर ठीक. गळती सापडते ती क्विक कपलिंगमध्ये, होजच्या क्लॅम्पशी, फिल्टर-रेग्युलेटरच्या कपाच्या रिंगेत आणि अर्धवट उघड्या ठेवलेल्या ड्रेन व्हॉल्व्हमध्ये. साबणाचं पाणी ब्रशने लावा, फेस फुगतो तिथे पिवळी चिठ्ठी बांधा, आणि चिठ्ठीवर तारीख घाला. सात बार दाबाला ३ मिलिमीटरचं एक भोक तीन ते चार किलोवॅट खातं. वर्षाला ४,००० तास कॉम्प्रेसर चालला तर साधारण १४,००० युनिट, म्हणजे १० टन. एका भोकाने वर्षभराच्या उद्दिष्टाचा अर्ध्याहून जास्त भाग खाल्लेला असतो.

छतावर १०० किलोवॅटचे पॅनेल आपल्या भागात वर्षाला साधारण १,४०,००० ते १,५०,००० युनिट देतात. सगळी वीज आत वापरली गेली तर शंभरेक टन वाचतात. पण आधी गळती बंद करा. गळकी यंत्रणा सौरविजेवर चालवणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत विहिरीचं पाणी ओतणं आहे.

उद्दिष्ट लिहिताना एकूण टन आणि उत्पादनाच्या टनामागचे किलो, दोन्ही लिहा. ऑर्डर वाढल्या की एकूण आकडा चढतो, मंदी आली की आपोआप उतरतो. एकच आकडा ठेवला तर त्यातून काम कळत नाही.

दुसरी वही: माणसं

सगळ्यात अवघड भाग हाच, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. कायम माणसांचं पगारपत्रक बहुतेक ठिकाणी ठीक असतं. प्रश्न ठेकेदाराच्या माणसांचा असतो. दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली ही माणसं आपल्याच शेडमध्ये आपलंच काम करतात, पण त्यांचा कागद आपल्याकडे नसतो.

दर महिन्याला एक तपासणी करा. वेळ दीड-दोन तास लागतो. गेटच्या रजिस्टरमधून ठेकेदाराच्या माणसांची पाच नावं डोळे मिटून निवडा. प्रत्येक नावासाठी चार कागद शेजारी ठेवा: गेटवरच्या येण्या-जाण्याच्या वेळा, ठेकेदाराची हजेरी, बँकेत जमा झालेली रक्कम, आणि पीएफच्या चलनासोबतची यादी. चारही जुळायला हवेत. गेटवर २६ दिवस आणि हजेरीत २२ असतील तर चार दिवसांचा पगार कुठे गेला, हा प्रश्न त्याच दिवशी विचारा. गेटवर रोज अकरा तास दिसतात आणि पगारात जादा तासांचा रकानाच नाही, तर ओव्हरटाइमचा दुप्पट दर कुणीतरी गिळतो आहे. पीएफच्या यादीत नाव नसेल तर ठेकेदाराने न भरलेली रक्कम मूळ मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून, वसूल होते, हे ठेकेदाराला करारातच लिहून द्या आणि बिल पास करण्याआधी चलन मागा. चलन नुसतं पाहू नका. त्यासोबतच्या यादीत तुमच्या गेटवरची नावं आहेत का ते पाहा. ठेकेदार तेच एक चलन तीन कारखान्यांना दाखवू शकतो.

वेठबिगारी म्हटलं की साखळदंड डोळ्यांपुढे येतात आणि 'आपल्याकडे नाही' असं उत्तर चटकन दिलं जातं. विचारायचे प्रश्न साधे आहेत. गावाहून आणताना मुकादमाने उचल दिली होती का, आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येतं का? कुणाचं मूळ आधार कार्ड किंवा दाखला ठेकेदाराच्या कपाटात आहे का? नोकरी लावून दिली म्हणून पगारातून कापलं जातं का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर चौथं तत्त्व मोडलं गेलं आहे. मूळ कागद त्याच आठवड्यात परत द्या, फक्त झेरॉक्स ठेवा. हे प्रश्न ठेकेदारासमोर विचारू नका, आणि मराठी मालकाने विचारण्यापेक्षा माणसाच्या बोलीत बोलणारा कुणीतरी विचारेल तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

वयाचा पुरावा सगळ्यांचा हवा. १४ वर्षांखाली काम नाहीच, आणि १४ ते १८ मधल्यांना धोक्याच्या प्रक्रियांमध्ये ठेवता येत नाही. फॅब्रिकेशनच्या कारखान्यात सरळ १८ ही किमान मर्यादा लावा. वेगळं विचार करायचं काम उरत नाही.

१० किंवा अधिक माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्या महिला, आणि एक सदस्य बाहेरची, या विषयावर काम केलेली व्यक्ती. 'आमच्याकडे महिला फक्त दोन आहेत' म्हणून समिती टाळता येत नाही. दुसऱ्या युनिटमधली वरिष्ठ महिला घेता येते. २० कामगारांपासून पुढे तक्रार निवारण समितीही लागते. युनियन नसेल तर तिसऱ्या तत्त्वाच्या रकान्यात 'युनियन नाही, म्हणून लागू नाही' असं लिहू नका. कामगारांना संघटित व्हायला अडकाठी नाही असं लेखी जाहीर केलं आहे का, आणि समितीवरचे कामगार प्रतिनिधी कुणी निवडले, कामगारांनी की साहेबांनी, हे लिहा.

धोरणाचा कागद मालकाच्या भाषेत नको, वाचणाऱ्याच्या भाषेत हवा. बडोद्यात ऑफिसात मराठी बोललं जात असेल, पण शॉपफ्लोअरवर गुजराती आणि हिंदी चालते. दोन्हींत, एका पानात, मोठ्या अक्षरात लिहा आणि पाळी बदलताना वाचून दाखवा. वाचता न येणारेही अनेक असतात.

कचरा, पाणी आणि पूर

यातलं बरंच काम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रामुळे आधीच होत असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. धोकादायक कचऱ्याची रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, पाठवताना फॉर्म १०चं मॅनिफेस्ट (गाडीसोबतचं वाहतूक-पत्रक), आणि वर्षाचं विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. कोटिंगच्या आधीच्या टाक्यांतला फॉस्फेटचा गाळ आणि वापरलेलं तेल, दोन्ही यात येतात. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. भंगारवाल्याला तेल विकून रोख घेतली जाते, ती सवय तोडा. त्याच्याकडे मंडळाची परवानगी आहे का ते पाहा. मॅनिफेस्टवरचे किलो, गाडीचं वजनकाट्याचं पान आणि फॉर्म ४ची बेरीज जुळली पाहिजे.

सातव्या तत्त्वातली 'सावधगिरी' म्हणजे काय ते बडोद्यात वेगळं समजवायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरभर शिरलं. तुमच्या आवारात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर रंगवा आणि ॲसिडचे कॅन, थिनर, तेलाचे ड्रम, गाळाची पिंपं त्या खुणेच्या वरच्या ओट्यावर न्या. पूर आला की पिंप तरंगतं, आडवं होतं आणि झाकण उघडून सगळं शेजारच्या वस्तीत जातं. ओट्याला कठडा असा हवा की सगळ्यात मोठं पिंप फुटलं तरी त्यातलं द्रव आतच राहील.

सांडपाणी सामायिक वाहिनीत जात असेल तर तिचा शेवटही नकाशावर पाहा. १९८३ पासून चालू असलेली ही वाहिनी सुमारे ५५ किलोमीटर जाते, पादरा आणि जंबुसर तालुक्यांतल्या शेतांमधून, मही नदीच्या मुखापर्यंत. आपलं पाणी गेटबाहेर गेलं की संपलं असं नसतं, त्या गावांतली माणसंही या बांधिलकीत येतात.

दहावं तत्त्व

चिरीमिरीबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून ती खात्यांत शोधावी लागते. वर्षभराच्या व्हाउचरमधून 'किरकोळ', 'विविध', 'चहापाणी' आणि 'लायझनिंग' ही चार शीर्षकं काढा आणि रकमांची बेरीज करा. ज्या व्हाउचरला बिल नाही, त्याच्या मागे कुणाचं नाव आहे आणि त्या आठवड्यात कुठली तपासणी किंवा परवाना होता, हे पाहा. बहुतेक उत्तर तिथेच मिळतं.

मग नियम करा, थोडे आणि पाळता येतील असे. सल्लागाराला दिलेलं काम लेखी हवं, शुल्क ठरलेलं हवं, सरकारी फीची पावती वेगळी हवी. 'काम झाल्यावर एकरकमी' असा व्यवहार नको. ठरावीक रकमेवरचं प्रत्येक व्हाउचर दोघांच्या सहीने. दिवाळीच्या भेटींची वही: कुणाला, काय, किती रुपयांची, कुणी मंजूर केली. सरकारी अधिकाऱ्याला मिठाईच्या डब्यापलीकडे काही नाही, असा नियम सांभाळायला सोपा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार नोंदवण्याची सोय आहे. कंपनीच्या वतीने कुणी लाच दिली तर कंपनीही अडकते, आणि ती रोखण्याची पुरेशी व्यवस्था होती हे दाखवणं हाच तिचा बचाव. तुमच्या या वह्या म्हणजे ती व्यवस्था.

सही

एवढं झाल्यावरचं काम छोटं आहे. ग्लोबल कॉम्पॅक्टच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, आणि सोबत सरचिटणीसांना उद्देशून बांधिलकीचं पत्र द्यायचं. पत्रावर सही कंपनीच्या सर्वोच्च माणसाची. एचआर मॅनेजरची सही चालत नाही. संचालक मंडळ असेल तर ठराव करून घ्या. कामगारसंख्या आणि उलाढाल खरी लिहा, कारण वार्षिक वर्गणी उलाढालीवर ठरते. ती किती पडेल हे दिल्लीच्या ग्लोबल कॉम्पॅक्ट नेटवर्क इंडियाकडून अर्जाआधीच लेखी विचारून घ्या. छाननीला काही आठवडे लागू शकतात, म्हणून ग्राहकाला तारीख देताना घाई करू नका. भागीदारी संस्था असेल तर कोणता भागीदार सही करणार हे आधी ठरवा, इथे भावाभावांत फार दिवस जातात.

दरवर्षीचा अहवाल

त्यानंतर दरवर्षी प्रगतीचा अहवाल. २०२३ पासून हा मुख्यतः ऑनलाइन प्रश्नसंच आहे: कारभार, मानवी हक्क, कामगार, पर्यावरण, भ्रष्टाचारविरोध असे भाग, आणि सोबत प्रमुखाचं निवेदन. भरायची मुदत पोर्टलवर जाहीर होते, ती दिसली की लगेच कॅलेंडरवर घाला. मुदत चुकली की यादीत 'अहवाल न देणारी' असा शेरा लागतो आणि तरीही दिला नाही तर नाव वगळलं जातं. वगळल्याची नोंदही सगळ्यांना दिसते. अहवाल लिहायची जबाबदारी एकाची, पण पासवर्ड दोघांकडे ठेवा. ज्याने खातं उघडलं तो नोकरी सोडून गेला आणि मेलही बंद झाला, म्हणून मुदत चुकते.

उत्तरांमध्ये सगळीकडे 'हो' लिहायचा मोह होतो. प्रश्नसंचात 'नाही, पण पुढे करणार' या अर्थाचे पर्याय दिलेले आहेत, ते वापरा. लहान कारखान्याने पहिल्याच वर्षी सगळं 'हो' लिहिलं की जाणकार वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. आणि ज्या 'हो'ला मागे कागद नाही तो 'नाही' समजा. प्रत्येक उत्तरापुढे फाइलचा क्रमांक लिहिलेली एक प्रत ऑफिसात ठेवा.

वाक्यं कशी असावीत याचा एक नमुना. 'आम्ही पर्यावरणाच्या संवर्धनासाठी कटिबद्ध आहोत' याने काहीच कळत नाही. 'कॉम्प्रेस्ड हवेची गळती एप्रिलमध्ये २० टक्के होती, २३ ठिकाणी दुरुस्ती केली, नोव्हेंबरमध्ये ९ टक्के मोजली' याने सगळं कळतं. जाहिरातीतही हेच पाळा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खोट्या पर्यावरणपूरक दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले आहेत, 'ग्रीन' आणि 'इको' असे शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत.

वर्षात अपघात झाला असेल, कुणाचं बोट गेलं असेल, तर ते लिहा. कुठलं यंत्र, गार्ड होतं का, नंतर काय बदललं, माणसाला काय भरपाई मिळाली. त्याचं नाव मात्र लिहू नका. मागच्या वर्षीच्या आकड्यात चूक सापडली तर जुना आकडा, नवा आकडा आणि कारण, तिन्ही द्या.

अहवाल पाठवल्यावर त्याचा दोन पानी गुजराती आणि हिंदी सारांश टाइम ऑफिसच्या खिडकीशेजारी लावा. खाली तारीख घाला, आणि त्यात काही चुकीचं दिसलं तर कुणाला सांगायचं त्या माणसाचं नाव आणि भेटायची वेळ लिहा. ठेकेदाराचा माणूस तिथे नको.